विधानांची चाळणी आणि प्रसामान्यतेचा दंडक : बोलीविषयक अभिवृत्तीच्या मापनासंदर्भात

मराठी विभागांतून होणाऱ्या संशोधनात प्रश्नावलीचा वापर आता नवा राहिलेला नाही. विद्यार्थ्यांची वाचनाभिरुची, प्रमाणभाषेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी, घरच्या बोलीविषयीची आपुलकी किंवा संकोच हे विषय केवळ संहितेच्या अभ्यासातून हाती लागत नाहीत. त्यासाठी माणसांना विचारावे लागते. विचारण्याची ही पद्धत आपण मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्याकडून उसनी घेतली, आणि उसनवारीत वस्तूबरोबर तिच्याविषयीचे काही गैरसमजही घरात आले. त्यांपैकी एकाचा विचार येथे करावयाचा आहे. मापनश्रेणी विश्वसनीय व्हावयाची असेल तर तिच्यातील प्रत्येक विधानाला मिळालेल्या उत्तरांचे वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे, असलेच पाहिजे. जे विधान या कसोटीला उतरत नाही ते वगळावे, असा हा समज आहे.

या लेखाला निमित्त झाले ते एका प्रबंधिकेच्या मसुद्याचे. पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आपापल्या बोलीविषयीची अभिवृत्ती हा तिचा विषय होता. संशोधक विद्यार्थिनीने विधाने कष्टपूर्वक जमवली होती, पूर्वचाचणीही घेतली होती. त्यानंतर संगणकावर प्रत्येक विधानाची प्रसामान्यतेची चाचणी घेण्यात आली, आणि निम्म्याहून अधिक विधानांपुढे ‘प्रसामान्य नाही, सबब वगळले’ असा शेरा पडला. वगळलेल्या विधानांची यादी वाचताना ध्यानात आले, की जे जाणून घेण्यासाठी ती पालघरला गेली होती ते बहुतेक सगळे त्या यादीतच राहिले होते. दोष तिचा नव्हता. तिला तसे सांगण्यात आले होते, आणि तसे सांगणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही तेच सांगत असे.

परिसर कोणता आहे याचा विसर पडून चालणार नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या गावांतून मांगेली बोलणारा मच्छीमार समाज. केळवे-माहीम, चिंचणी या बागायती पट्ट्यात वाडवळी. पूर्वेला विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांच्या बोली. उत्तरेला डहाणू-तलासरीकडे गुजरातीची सरमिसळ. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या, मराठीविषयक खंडात (१९०५) वारली आणि वाडवळ यांची नोंद आहे, म्हणजे हे वैविध्य अभ्यासकांना शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. या वैविध्यावर गेल्या अर्धशतकात आणखी एक थर चढला. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि राज्यातील इतर जिल्ह्यांतून, तसेच उत्तरेकडील व पूर्वेकडील राज्यांतून माणसे येथे आली. परिणामी बोईसरच्या एकाच वर्गात, एकाच बाकावर, आश्रमशाळेतून आलेला वारली मुलगा, वसाहतीत वाढलेली प्रमाण मराठी बोलणारी मुलगी आणि घरी भोजपुरी व बाहेर हिंदी बोलणारा कामगाराचा मुलगा बसलेले असू शकतात. अशा वर्गाकडून बोलीविषयीच्या प्रश्नाला घंटेच्या आकाराचे उत्तर यावे, ही अपेक्षा कोठून आली?

तिचे मूळ शोधू लागले तर ते १९३२ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी रेन्सिस लिकर्ट यांनी अभिवृत्तिमापनाची आपली पद्धती प्रसिद्ध केली: विधान द्यावे आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय ठेवावेत. आपण आज वापरतो ती हीच. लिकर्टनी प्रथम या पर्यायांना जे गुण दिले ते प्रसामान्य वक्राच्या आधारे काढले होते. परंतु त्यांनी गृहीत धरले होते ते हे की, मनातील अभिवृत्ती समूहात प्रसामान्य रीतीने विखुरलेली असते. प्रत्येक विधानावरील खुणाही तशाच पडल्या पाहिजेत, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. पुढे त्यांनाच दिसून आले, की वक्राचा हा खटाटोप न करता सरळ १ ते ५ असे गुण दिले तरी एकूण गुण जवळजवळ तेच येतात. म्हणून त्यांनी सोपी रीत पत्करली. गृहीतक मागे पडले, पण त्याची सावली शिल्लक राहिली, आणि ती मनातील अभिवृत्तीवरून सरकून कागदावरील खुणेवर पडली.

नावाचाही यात वाटा आहे. ‘नॉर्मल’ हे नाव रूढ करण्यात कार्ल पिअर्सन यांचा हात होता, आणि त्यांनीच १९२० मध्ये अशी खंत नोंदवली, की या नावामुळे इतर सर्व वितरणे जणू विकृत आहेत असा लोकांचा ग्रह होतो. भाषेच्या अभ्यासकाला हे सांगावयास नको. एका बोलीला ‘प्रमाण’ म्हटले की बाकीच्या आपोआप ‘अशुद्ध’ ठरतात, हा अनुभव आपल्या परिचयाचा आहे. बोलींवरचा हा शिक्का पुसावयास निघालेल्या संशोधनानेच आकड्यांच्या बाबतीत तोच शिक्का हाती घ्यावा, यात थोडी गंमत आहे आणि थोडे दुःखही.

आता प्रत्यक्ष विधानांकडे वळू. पुढील आकडे कोणत्याही पाहणीतले नाहीत. हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून कल्पिलेले आहेत. समजा, १२० विद्यार्थी आहेत आणि चार विधाने आहेत.

पहिले विधान: ‘मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा मला अभिमान वाटतो.’ केंद्र शासनाचा हा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ चा. त्यामुळे प्रश्नावलीत हे विधान हमखास येते. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत उत्तरे अनुक्रमे ७८, २६, ७, ६, ३ अशी आली. मध्यमान ४.४२, प्रमाण विचलन ०.९८. वितरण एका टोकाला पूर्ण कललेले.

दुसरे विधान: ‘माझ्या बोलीला वर्गात हसतील या भीतीने मी प्रश्न विचारणे टाळतो/टाळते.’ उत्तरे नेमकी उलट क्रमाने: ३, ६, ७, २६, ७८. मध्यमान १.५८, प्रमाण विचलन पुन्हा ०.९८. आकार तोच, फक्त आरशात पाहिल्यासारखा.

तिसरे विधान: ‘वर्गात घरच्या बोलीत बोलण्याचा मला संकोच वाटतो.’ उत्तरे ३८, २२, ८, २०, ३२. मध्यमान ३.१२, प्रमाण विचलन १.६३. दोन टोकांना दोन शिखरे आणि मध्ये दरी.

चौथे विधान: ‘बोलीचा वापर योग्य त्या ठिकाणी व्हावा.’ उत्तरे ८, २६, ५०, २७, ९. मध्यमान २.९८, प्रमाण विचलन १.००. वर्तुळाकार खांदे, मधोमध शिखर; पाठ्यपुस्तकात छापावी अशी घंटा.

प्रसामान्यतेची चाळणी लावली तर पहिली तीन विधाने जातील आणि चौथे राहील. पण चौथे विधान राहावयास योग्य आहे काय? ‘योग्य ते ठिकाण’ कोणते हे विधानात सांगितलेले नाही. कोणी बाजार समजला, कोणी वर्ग, कोणी कथेतील संवाद. ज्यांना काहीच उमगले नाही त्यांनी ‘सांगता येत नाही’ या मधल्या चौकटीत खूण केली. घंटेचा सुबक आकार येथे अभिवृत्तीचा नसून संदिग्धतेचा आहे. परस्परांशी संबंध नसलेली अनेक कारणे एकत्र आली की असा वक्र तयार होतो, हे संख्याशास्त्रच सांगते; आणि विधान धूसर असले की उत्तरांमागची कारणे नेमकी तशीच, परस्परांशी असंबद्ध, असतात. म्हणून मधल्या चौकटीत दाटी करणाऱ्या विधानाकडे मी आता अधिक संशयाने पाहतो.

तिसऱ्या विधानाचे उलट आहे. त्याचे मध्यमान जवळजवळ मध्यावर आहे, त्यामुळे केवळ असममिती, म्हणजे एका बाजूला असलेला कल, पाहणाऱ्याला त्यात काही खटकणार नाही. शिखरता पाहिली की मात्र ते नापास होते. पण चारही विधानांत विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमधला फरक सर्वाधिक दाखवणारे विधान हेच आहे. मापनश्रेणीचे काम फरक दाखवण्याचे असते. दोन शिखरे दिसली की ‘हे दोन गट कोणते?’ हा संशोधनाचा प्रश्न जन्माला येतो. तो प्रश्न विचारण्याऐवजी विधानच वगळणे म्हणजे रोगी बरा व्हावा म्हणून तापमापी फेकून देण्यासारखे आहे.

खरी अडचण पहिल्या दोन विधानांत आहे, आणि या लेखाचा भार मी तेथेच ठेवू इच्छितो. दोन्हींचा आकार एकच. प्रसामान्यतेच्या चाचणीला त्यांत फरक दिसणे शक्यच नाही. तरीही पहिले विधान बहुधा वगळावे आणि दुसरे बहुधा ठेवावे. पहिल्यात अभिमान व्यक्त करणे ही सभ्यता आहे; मराठीच्या प्राध्यापकाने वाटलेल्या कागदावर कोण नकार लिहील? जे नऊ जण असहमत आहेत ते खरोखरच वेगळ्या मताचे आहेत, की घाईत उलट खूण करून गेले, हे इतर विधानांशी ताडून पाहिले तर बहुधा कळते. आणि पुष्कळदा त्यांचा इतर उत्तरांशी काही मेळ बसत नाही. दुसऱ्या विधानातही सहमत होणारे नऊच आहेत. पण हे नऊ जण जर संकोचाच्या इतर विधानांवरही टोकाला असतील, तर हे विधान आपल्याला अशा विद्यार्थ्यांपर्यंत पोचवते जेथे बाकीची विधाने पोचत नाहीत. वर्गात बोलावयास संकोचणारे साठ आहेत. संकोचापायी प्रश्नच न विचारणारे नऊ. अध्यापकाच्या दृष्टीने या नऊ जणांना ओळखणे हेच या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन असावे. तीव्र विधानांचे वितरण कललेलेच असणार, कारण तीव्र अनुभव थोड्यांचा असतो. अशी सर्व विधाने काढून टाकली की उरलेली श्रेणी मध्यावरच्या विद्यार्थ्यांना एकमेकांपासून छान वेगळे करते आणि टोकावरच्यांना मात्र सरसकट एकाच गुणावर बसवते. थर्स्टन यांनी १९२८ मध्ये अभिवृत्ती मोजता येते असे प्रतिपादन केले, तेव्हा विधाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विखुरलेली असावीत यावर त्यांचा भर होता, तो याच कारणाने.

मग विश्वसनीयतेचे काय? आपल्याकडे विश्वसनीयता म्हणजे क्रॉनबाखचा अल्फा असे समीकरण रुळले आहे. ली क्रॉनबाख यांचा हा निबंध १९५१ चा. अल्फाचे सूत्र उघडून पाहिले तर त्यात विधानांची संख्या, प्रत्येक विधानाचे प्रचरण आणि एकूण गुणांचे प्रचरण एवढ्याच गोष्टी आढळतात. वक्राच्या आकाराचा त्यात उल्लेख नाही. अल्फाभोवती विश्वासाची मर्यादा काढावयाची असेल, किंवा महत्तम संभाव्यतेच्या रीतीने घटक विश्लेषण करावयाचे असेल, तर वितरणाचा प्रश्न येतो; तोही सर्व विधानांच्या एकत्रित वितरणाचा. मुंबई विद्यापीठात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ कांतिलाल मर्दिया यांनी १९७० मध्ये दिलेली मापे त्यासाठीच आहेत. एका-एका विधानाची स्वतंत्र चाचणी घेऊन हे काम होत नाही. शिवाय पाचच चौकटी असलेल्या उत्तराचे वितरण काटेकोर अर्थाने प्रसामान्य असूच शकत नाही. नमुना शे-दोनशेच्या पुढे गेला की शापिरो-विल्कसारखी चाचणी (१९६५) वरच्या चौथ्या विधानालाही बहुधा नाकारते. म्हणजे नमुना लहान असेल तर विधान उत्तीर्ण आणि मोठा असेल तर अनुत्तीर्ण! थिओडोर मिसेरी यांनी १९८९ मध्ये संपादन व मानसमापन चाचण्यांच्या ४४० मोठ्या वितरणांची तपासणी केली, तेव्हा एकही प्रसामान्यतेच्या कसोटीला उतरले नाही. ती तर बहुतांशी एकूण गुणांची वितरणे होती.

अल्फाविषयी आणखी एक गोष्ट जाता जाता. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३० असेल तर दहा विधानांचा अल्फा सुमारे ०.८१ येतो, सहसंबंध अवघा ०.१० असला तरी चाळीस विधाने घेतली की तो सुमारे ०.८२ होतो. तेव्हा मोठ्या अल्फाने हुरळून जाण्याचे कारण नाही.

तथापि वितरणाच्या आकाराकडे अजिबात पाहू नये, असा याचा अर्थ नव्हे. कललेल्या विधानांमुळे एक खरी अडचण उद्भवते आणि ती साध्या उदाहरणाने कळण्यासारखी आहे. समजा, दोन प्रश्न आहेत: ‘तुम्ही घरी बोलीत बोलता का?’ आणि ‘तुम्ही बोलीत लिहिता का?’ शंभरांपैकी नव्वद पहिल्याला होय म्हणाले, दहा दुसऱ्याला. लिहिणारे दहाही जण बोलणाऱ्या नव्वदांतलेच आहेत, म्हणजे दोन्ही उत्तरांत कसलाही अंतर्विरोध नाही. तरीही त्यांचा सहसंबंध गुणक ०.११ च्या वर जाऊ शकत नाही. विरुद्ध दिशांना कललेली विधाने आशयाने कितीही जवळची असली तरी गणिताने दूर भासतात. मग घटक विश्लेषणात ‘सौम्य’ विधानांचा एक आणि ‘तीव्र’ विधानांचा दुसरा असे कृत्रिम घटक निघतात, आणि संशोधक त्यांना ‘भावनिक घटक’, ‘वर्तनात्मक घटक’ अशी भारदस्त नावे देतो. फर्ग्युसन यांनी १९४१ मध्येच या धोक्याकडे लक्ष वेधले होते. यावरचा उपाय विधाने फेकणे हा नसून क्रमवाचक उत्तरांसाठी असलेला पॉलिकोरिक सहसंबंध वापरणे हा आहे. तो काढून देणाऱ्या संगणकप्रणाली आज विनामूल्य मिळतात. संख्याशास्त्र विभागातील सहकाऱ्याची एक दुपार मागून घ्यावी लागते, इतकेच.

पालघर-बोईसरसारख्या ठिकाणी दुसरी एक गोष्ट अधिक जपावी लागते. समजा, तिसऱ्या विधानाची दोन शिखरे उलगडली आणि एका शिखरावर जव्हार-विक्रमगडकडून आलेले विद्यार्थी, दुसऱ्यावर वसाहतीत वाढलेले, असे निघाले. अशा वेळी सर्वांचा मिळून काढलेला अल्फा या दोन गटांमधल्या अंतरामुळेच फुगलेला असतो. प्रत्येक गटाच्या आत विधाने एकमेकांशी बांधलेली आहेत की नाहीत हे त्यावरून कळत नाही. म्हणून अल्फा गटवार काढावा. तो एका गटात चांगला आणि दुसऱ्यात हलका आला तर विधानांची भाषा तपासावी; कारण एकच वाक्य दोघांनी दोन रीतींनी वाचले असण्याचा संभव मोठा असतो. ‘बोली’ हा शब्दच घ्या. विद्यापीठाबाहेर तो फारसा कोणी वापरत नाही. पुष्कळ विद्यार्थी आपल्या बोलण्याला ‘आमची भाषा’ किंवा नुसते ‘गावठी’ म्हणतात. घरी भोजपुरी बोलणाऱ्याला ‘तुमची बोली’ म्हणजे भोजपुरी की बोईसरच्या बाजारातली हिंदी, असा प्रश्न पडतो. ‘मला माझ्या बोलीची लाज वाटत नाही’ या विधानाशी ‘असहमत’ व्हावयाचे म्हणजे नकाराला नकार द्यावयाचा; मराठीत हे कोडे विशेष अवघड होते, आणि गोंधळलेला विद्यार्थी मधल्या चौकटीत विसावतो. अशा विधानांची चाळणी संगणक करू शकत नाही. पाच-सात विद्यार्थ्यांना जवळ बसवून, विधान मोठ्याने वाचावयास लावून, ‘तुला यातून काय समजले?’ असे विचारावे लागते. हे काम मराठीच्या अध्यापकाइतके दुसरे कोणी चांगले करू शकणार नाही, आणि नेमके तेच आपण टाळतो.

चाळणी करताना काय पाहावे, असे मला विचारले तर मी प्रथम प्रत्येक विधानाच्या उत्तरांची वारंवारता डोळ्यांनी पाहावयास सांगेन, एकत्रही आणि गटवारही. जेथे बहुतेक सगळ्या खुणा एकाच चौकटीत आहेत तेथे थांबून वरच्या पहिल्या आणि दुसऱ्या विधानांत केला तसा विचार करावा. नंतर प्रत्येक विधानाचा, ते विधान वगळून येणाऱ्या एकूण गुणांशी असलेला सहसंबंध काढावा. तो ऋण आला तर उलट्या विधानाचे गुण उलटवावयाचे राहून गेले नाहीत ना, हे आधी तपासावे. (निम्म्या वेळा तेच झालेले असते.) नऊ जणांवर उभा असलेला सहसंबंध डळमळीत असतो, म्हणून तीव्र विधाने दुसऱ्या महाविद्यालयात पुन्हा तपासावीत. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली तर आणखी उत्तम; विश्वसनीयतेचा हा जुना, कष्टाचा मार्ग अल्फाच्या सोयीमुळे विस्मृतीत गेला आहे. प्रसामान्यतेची चिंता करावयाचीच असेल तर ती शेवटी, एकूण गुणांच्या पातळीवर, आणि दोन गटांच्या मध्यमानांची तुलना करताना करावी; तेथेही नमुना पुरेसा मोठा असेल तर ती सौम्य असते.

प्रबंधिकेच्या मसुद्यावर आम्ही पुन्हा बसलो तेव्हा वगळलेली विधाने एकेक करून परत तपासली. काही पुन्हा आत आली, काही बाहेरच राहिली, पण आता प्रत्येकापुढचा शेरा वेगळा होता: ‘सर्वांचे उत्तर एकच’, ‘शब्द दुर्बोध’, ‘दोन प्रश्न एका वाक्यात’, ‘एकूण गुणांशी संबंध नाही’. ही यादी कारणांसह परिशिष्टात छापावी असे ठरले. प्रबंधांची पृष्ठसंख्या वाढवणाऱ्या परिशिष्टांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. परंतु वगळलेल्या विधानांची यादी मात्र प्रत्येक प्रबंधात असावी, कारण त्याच परिसरात जाणाऱ्या पुढच्या संशोधकाला ठेवलेल्या विधानांपेक्षा तिचाच उपयोग अधिक होतो.